पाळीपाळीनं

केरबानं हातोडी उचलली आणि टेबलावरच्या पंपाच्या केसिंगच्या, म्हणजे बाहेरच्या कवचाच्या, काठावर हलकेच मारली. खणखणीत आवाज यायला हवा होता. बद्द आला. त्यानं केसिंग फिरवून दुसऱ्या बाजूनं मारून पाहिलं. पुन्हा तेच.

"मुका," तो पुटपुटला आणि तो ओतीव जॉब त्यानं उजवीकडच्या, नापास मालाच्या ढिगावर सरकवला. मग खांबाला अडकवलेल्या टॅबकडे वळला आणि बोट उचलून तसाच उभा राहिला.

टॅबवर तीनच खण होते. भट्टी, साचा, कोअर. आठवडाभर चार असायचे. सगळ्यात खालचा, 'इतर' नावाचा, आज जागेवर नव्हता.

"मॅडम," त्यानं हाक मारली, "हितला एक खण गेला की हो."

ऋतुजा मॅडम वाळूच्या ढिगांतून वाट काढत आली. पोरगी सांगलीची, पंचविशीतली. शिरोलीच्या ह्या फाउंड्रीत कागद बंद करून सगळं संगणकावर आणायचं काम मालकांनी तिच्यावर सोपवलं होतं.

"गेला नाही तात्या, मी काढला. आठवडाभरात एकशे अकरा जॉब नापास झाले आणि एकशे अकरा वेळा तुम्ही 'इतर' दाबलंत."

"मग दुसरं काय दाबू?"

"कारण. लोखंड नीट वितळलं नसेल तर भट्टी. वाळूचा साचा ढासळला असेल तर साचा. आणि आतली पोकळी यावी म्हणून साच्यात वाळूचा गोळा ठेवतो, तो बिघडला असेल तर कोअर."

"ते मला ठाऊक हाय. तीस वर्षं हितंच गेली. पण फोडल्याबिगर आतलं कसं दिसणार?"

"अंदाज असेल ना तुम्हाला?"

"जॉब मुका हाय, एवढाच अंदाज. का मुका हाय ते त्यानं सांगाय पायजे. अन् त्यो तर मुका!"

ऋतुजा हसली. तेवढ्यात तिचा फोन वाजला. "काहीतरी एक दाबत जा तात्या," जाता जाता ती म्हणाली, "रिकामं नका ठेवू. रिकामं असलं की पुढचा जॉब घेतच नाही ते."

ते खरं होतं. केरबानं दोनतीनदा टॅबच्या कोपऱ्यांत बोट घालून पाहिलं, पण तीन खणांशिवाय त्याला कुठंच वाट नव्हती.

इतकी वर्षं मुके जॉब संध्याकाळी गाड्यावर घालून परत भट्टीत टाकले जायचे. लोखंडाचं लोखंड व्हायचं. का, असं कुणी विचारत नसे. आता विचारलं जात होतं, आणि ज्याला विचारलं जात होतं त्याला उत्तर ठाऊक नव्हतं. शिवाय केरबाला त्या तीन खणांत कारणं दिसतच नव्हती. भट्टीच्या खणात रौफ मुल्ला दिसायचा, ज्याच्या थोरल्या मुलीच्या लग्नात त्यानं पंगतीत वाढलं होतं. साच्याच्या खणात दिनकर, रोज ज्याच्या डब्यातली भाकरी तो अर्धी खायचा. कोअरच्या खणात पलीकडच्या शेडमधल्या बायका. बोट टेकवलं की त्यातल्या एकाच्या नावावर डाग पडणार. आणि तो डाग खरा की खोटा हे बोट टेकवणाऱ्यालाच माहीत नाही, हे केरबाला विचित्र वाटत होतं.

ढिगावर जॉब साचत गेले. पलीकडून दिनकर ओरडला, "तात्या, झोप लागली काय उभ्या उभ्या?"

मग केरबाला गावाकडची गोष्ट आठवली. नदीवरून उपसलेलं पाणी उसाला पाळीनं मिळायचं. आज वरच्या अंगाला, उद्या मधल्या मळ्याला, परवा खाली ओढ्याकडे. कुणाचा ऊस तहानलाय, कुणाचा नाही, हे कोणी मोजत बसायचं नाही. म्हणून तंटाही व्हायचा नाही. पाणी जर असं वाटता येतं, तर हे का नाही? कुणा एकावर सगळं पडायला नको, एवढंच तर बघायचं.

सोमवारी कारखान्याला सुट्टी असे. तो मंगळवार होता, आठवड्याचा पहिला दिवस. केरबानं यादीतला पहिला खण दाबला. दिवसभर जेवढे मुके निघाले तेवढे सगळे भट्टीच्या नावावर गेले. बुधवारी साचा. गुरुवारी कोअर. शुक्रवारी पुन्हा भट्टी, शनिवारी साचा, रविवारी कोअर. सहा दिवसांत तिघांच्या दोन-दोन पाळ्या झाल्या. आठवड्याच्या शेवटी त्याला हलकं वाटलं. न्याय झाला होता, आणि टॅबही अडत नव्हता.

---

तीन महिन्यांनी सगळ्यांना वरच्या केबिनमध्ये बोलावलं. भिंतीवर उजेडाचा चौकोन पडला होता. त्यात रंगीत दांडे उभे होते. मालक सुकुमारदादा खुर्ची उलटी करून बसले होते. रौफ आणि दिनकर दाराशी उभे राहिले, केरबा त्यांच्या मागे.

"हे कोअरमुळं वाया गेलेले जॉब," ऋतुजा सांगत होती. तिचा आवाज आनंदानं जरा चढला होता. "मंगळवारी शून्य. बुधवारी शून्य. गुरुवारी एकदम सोळा. पुन्हा शून्य, शून्य, आणि रविवारी अठरा. एक आठवडा नाही, सलग बारा आठवडे. इतकं स्वच्छ चित्र मी कॉलेजच्या पुस्तकातसुद्धा पाहिलेलं नाही."

"म्हंजे गुरवारी आन् रविवारी कोअरच्या शेडमध्ये कायतरी येगळं घडतंय," दादा म्हणाले.

"मी हजेरीशी जुळवून पाहिलं. पाच बायका रोजच्या आहेत. सहावी फक्त गुरुवारी आणि रविवारी येते."

सहावी कोण हे सगळ्यांना ठाऊक होतं. हौसाक्का. ती केरबाच्याच गावची, त्याच्यापेक्षा चार-पाच वर्षांनी मोठी. पूर्वी सहाही दिवस यायची. नवरा गेला, गुडघे धरले, तेव्हा तिनंच दादांना सांगून दोन दिवस मागून घेतले होते. त्या दोन दिवसांवर तिचा आठवडा निघायचा.

"मग भट्टीचं मंगळवारी आन् शुक्रवारीच का बिघडतंय?" रौफनं विचारलं. "मी तर रोज येतो."

"तेही शोधते मी. आधी कोअरचं हातात आलंय, ते मिटवू." ती केरबाकडे वळली. "आणि हे तात्यांमुळं सापडलं. त्यांनी एकही जॉब रिकामा ठेवला नाही."

सगळ्यांनी मागं वळून पाहिलं. केरबानं तोंड उघडलं. पण त्याला सुरुवात कुठून करायची ते कळेना. दांडे त्याच्या बोटातून निघाले होते हे त्याला दिसत होतं, पण ते भिंतीवर चढून एका बाईकडे बोट का दाखवायला लागले, ते समजत नव्हतं. त्यानं तर कुणालाच धरलं नव्हतं. कुणी धरलं जाऊ नये म्हणूनच तर ते केलं होतं.

"तात्या, काय म्हणताय?" दादांनी विचारलं.

"काय न्हाई," केरबा म्हणाला.

गुरुवारी हौसाक्का डबा घेऊन आली तेव्हा तिला फाटकातच सांगितलं गेलं. केरबाला खिडकीतून ते दिसलं. ती वाद घालील, हात नाचवील, असं त्याला वाटलं होतं. तिची जीभ साऱ्या शेडला ठाऊक होती. पण तिनं फक्त मान हलवली, पदर डोक्यावर घेतला आणि हायवेच्या कडेनं चालू लागली.

त्या दिवशी केरबानं कोअरचा खण दाबला नाही. दाबवेना. मुके जॉब त्यानं अर्धे भट्टीला दिले, अर्धे साच्याला. रविवारीही तसंच केलं. निदान तिच्यामागं तरी तिच्या नावावर काही चढू नये.

दहा दिवसांनी ऋतुजा धावत त्याच्या टेबलाशी आली. टॅब तिच्या हातात होता.

"बघा तात्या! गुरुवार शून्य, रविवार शून्य. दोन्ही आठवडे. आक्का गेल्या आणि कोअरचे नापास संपले. ह्याहून पक्का पुरावा असतो का?"

केरबा टॅबकडे बघत राहिला. मग त्यानं हातोडी खाली ठेवली आणि कपाळाला हात लावला. तिला वाचवायला म्हणून त्यानं जे केलं होतं, त्यानंच ती पुरती दोषी ठरली होती. आता तो कुठलाही खण दाबो, टॅबची काच त्यातून तिचंच नाव काढणार होती.

---

जेवणाच्या सुट्टीत तो केबिनच्या दारात जाऊन उभा राहिला. ऋतुजा डबा खात होती.

"मॅडम, ती कारणं मी पाळीपाळीनं भरलीत."

"म्हणजे?"

"येक दिवस भट्टी, येक दिवस साचा, येक दिवस कोअर."

"हो, तेच तर दिसतंय. पण तसं का बिघडतं तेच मी शोधतेय."

"बिघडत न्हाई, मॅडम. मी भरतोय तसं. उसाला पाणी असतंय न्हवं पाळीचं? तसं. मला कारण ठाऊक नव्हतं, अन् तुमी म्हणाला, रिकामं नको."

घास तिच्या हातातच राहिला. तिनं डाव्या हातानं संगणक ओढून घेतला, दांडे पुन्हा पडद्यावर आणले आणि एकेका वारावर बोट फिरवत पाहिलं. मंगळवार, शुक्रवार. बुधवार, शनिवार. गुरुवार, रविवार.

"तात्या, मी हे पुण्याला गिऱ्हाइकाच्या इंजिनिअर लोकांना दाखवून आले. टाळ्या वाजवल्या त्यांनी."

"मला माफ करा."

"आणि दोन आठवड्यांपूर्वी, त्या मीटिंगमध्ये, का नाही बोललात?"

"मला वाटलं, मशीनला माझ्याबिगर आणिक कायतरी ठाऊक असंल."

ऋतुजानं डब्याचं झाकण लावलं. जेवण तसंच राहिलं होतं. दोघं मिळून दादांकडे गेली. दादांना दोनदा समजावून सांगावं लागलं. पहिल्यांदा ते हसले. "आमी तीन म्हैनं ह्याच्या पाळ्या बघत बसलो व्हय?" मग हसू ओसरलं, तेव्हा त्यांनी शिव्या घातल्या. आधी केरबाला, मग टॅबला, मग टॅब विकणाऱ्याला. ऋतुजा ऐकून घेत उभी राहिली आणि शेवटी म्हणाली, "चूक माझीपण आहे, दादा. ह्यांना माहीत नाही असं सांगायला जागाच ठेवली नव्हती मी."

संध्याकाळपर्यंत टॅबवर चौथा खण आला. 'माहीत नाही.' आणि रोज ढिगातले दोन जॉब घणानं फोडून आत काय आहे ते बघायचं, असं ठरलं.

"आन् त्या हौसाक्काला बोलवून आण तूच," दादा केरबाला म्हणाले. "म्हणावं, चूक आमची हाय. गुरवारपास्नं ये."

---

सोमवारी सुट्टीच्या दिवशी सकाळीच केरबा तिच्या दारात गेला. तिघांच्या पाळ्यांचं ओझं डोक्यावरून उतरल्यासारखा तो आज झपाझप चालत आला होता. ती पडवीत उन्हाला पाठ करून सूप घेऊन बसली होती. सुपात तांदूळ होते, शेजारी फरशीवर निवडलेल्या खड्यांचा लहानसा ढीग.

"ये की," ती म्हणाली. "कोण, केरबा न्हवं?"

"मीच. चपला ऐकून वळखलंस व्हय?"

"घासत चालतोस ल्हानपणापास्नं. बस. चहा टाकू?"

"नगं. आधी ऐक." तो पायरीवर टेकला. वाटेत जुळवलेलं सगळं त्यानं एका दमात सांगून टाकलं. खण, पाळी, भिंतीवरचे दांडे, ती गेल्यावर पडलेली शून्यं. "तुझा कायबी संबंध नव्हता, आक्का. गुरवारी कोअर मी दाबत हुतो, ते नुसतं यादीत तिसरं हुतं म्हणून. तू नेमकी गुरवारची निघालीस. दादांनी सांगितलंय, चूक आमची. परवा न्हाई तेरवा, गुरवारी कामावर ये."

हौसाक्काचे हात सुपात फिरत होते. तिची नजर सुपावर नव्हती, समोरच्या कुंपणावर होती. बोटं मात्र दाणा दाणा चाचपत होती.

"म्हंजे मशीननं मला धरलं न्हाई?"

"न्हाई. मशीनला काय कळतंय? मी घातलं तेच ते दाखवत हुतं."

"मग तुला कळलं हुतं?"

"काय?"

तिनं एक खडा चाचपून फरशीवर टाकला. "कोअर झाला का त्याला दाभणानं भोकं पाडाय लागत्यात. आतली वाफ जायाला. ती न्हाई पडली तर वाफ लोखंडात शिरती अन् जॉब आतनं पोकळ हुतो. ठाऊक हाय न्हवं तुला?"

"हाय की."

"मला ती भोकं दिसंना झालीत. दोन वर्सं झाली. डाव्या डोळ्यानं तर धुकंच. बोटांनी चाचपून पाडायची मी. कधी आरपार जायाचं, कधी न्हाई. कोणाला बोलली न्हाई. बोलली असती तर ते दोन दिवसबी गेलं असतं." तिनं सूप मांडीवर ठेवलं. "फाटकात मला सांगितलं का न्हाई, संगणकात आलंय म्हणून, तवा मला दाभणच आठवलं. म्हटलं, बया, मानसांना दोन वर्सं कळलं न्हाई, ह्या काचेला कसं कळलं? भांडायला तोंडच उरलं न्हाई. खालमानेनं निघून आली."

"पण आक्का, ते आकडं खोटं हुतं. भट्टीचंबी कोअरवर पडलं, साच्याचंबी पडलं."

"सगळंच खोटं हुतं?"

"...ते मला सांगता यायचं न्हाई."

"मशीनला ठाऊक न्हाई. तुला ठाऊक न्हाई. अन् नाव तर बरोबर माझंच निघालं." ती हसली, पण ते हसू लगेच विरलं. "कोणाला कळलं हुतं रं मग?"

केरबा आपल्या तळहाताकडे बघत राहिला. दारापुढून एक ट्रॅक्टर गेला, त्याची धूळ पडवीपर्यंत आली.

"डोळं दाखवू," शेवटी तो म्हणाला. "कोल्हापुरात सरकारी दवाखाना हाय. मी येतो संगं. मोतीबिंदूच असंल, काढत्यात आजकाल अर्ध्या तासात. अन् तवर मी ऋतुजा मॅडमला सांगतो, तुला दुसरं कायतरी हलकं काम देतील. चांगली हाय पोरगी. गुरवारी तू येच."

"हे खरं म्हणतोस?"

"खरंच म्हणतोय की."

"का मला बरं वाटावं म्हणून? मघाशी तूच सांगितलंस, कुणाला वाईट वाटू नये म्हणून तीन म्हैनं आल्या जॉबला मनातलं कारण देत हुतास."

"ते येगळं, आक्का."

"आसंल."

तिनं सूप पुन्हा जवळ ओढलं. बोटं तांदळातून फिरली आणि एके ठिकाणी थांबली. तिनं चिमटीत काहीतरी उचललं, तळहातावर घेतलं आणि हात त्याच्यापुढे धरला.

"बघ बरं. खडा हाय का तांदूळ?"

केरबा पायरीवरून उठला. तिच्या हाताशी वाकून त्यानं नीट पाहिलं, उजेड यावा म्हणून बाजूला सरून पुन्हा पाहिलं. दाणा होता. जरासा पिवळट, पण अखंड.

"तांदूळ," तो म्हणाला.

हौसाक्का त्याच्या तोंडाकडे, म्हणजे जिथून आवाज आला तिकडे, क्षणभर बघत राहिली. मग "आसंल," म्हणून तिनं हात आखडून घेतला आणि तो दाणा फरशीवरच्या खड्यांत टाकून दिला.